सूज आणि बाळसं

जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि समोर आमच्या गल्लीतले काका. मला बघून खूश झाले. "पुण्याचं पाणी मानवलं रे तुला! गाल बघ कसे भरलेत." मी हसलो. प्रेडनिसोलोन सुरू होऊन दीड महिना झाला होता, आणि पाठीवरची बॅग घेऊन घरापर्यंतची चढण चढायची कशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. बाहेरच्या जंतूंशी लढायची यंत्रणा घरातल्याच माणसांवर लाठी चालवायला लागते. मला तो सत्ताविसाव्या वर्षी झाला. दिवसातून बारा-पंधरा वेळा संडास, मीटिंगमध्ये कॅमेरा कायम बंद, आणि ऑफिसला जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक स्वच्छतागृहाचा नकाशा तोंडपाठ. त्यावर स्टिरॉइड दिलं. रोज ४० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, मग दर आठवड्याला ५ कमी.

पहिले पंधरा दिवस जादूचे होते. रक्त थांबलं. रात्री झोप येत नव्हती, पहाटे तीनला उठून मी साचलेले बग सोडवत होतो, चार पोळ्या खाऊन पुन्हा भूक लागायची. वाटलं, संपलं हे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोन वर्षांनी हेंच यांना नोबेल मिळालं. त्या बाईला त्या दिवसांत काय वाटलं असेल ते मला नेमकं माहीत आहे. पुढे काय झालं तेही, कारण दुष्परिणाम तिलाही चुकले नाहीत.

डोस उतरत गेला तसा चेहरा गोल होत गेला आणि अंगातलं बळ गेलं. हा थकवा झोपून जात नाही. खिशात ठेवलेला फोन काही न करता गरम होतो आणि बॅटरी उतरते ना, तसं. मॅनेजरला हीच उपमा दिली, त्याला पटलीही. तरी स्टँडअपमध्ये तो विचारायचाच, "आता बरा दिसतोस, मग टिकेट का अडकलंय?" शेवटी घरून काम करायची परवानगी घेतली आणि जव्हारला आलो.

माझी आई अंगणवाडी सेविका. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर तिची अंगणवाडी आहे. १९९२-९३मध्ये आमच्या तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली आणि जव्हारचं नाव देशभर झालं, ते मी जन्मायच्या आधी. तिची सगळी नोकरी त्या नावाच्या सावलीत गेली. दंडाला पट्टी लावायची. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर लाल. आणि पोर गुबगुबीत दिसलं तरी फसायचं नाही. दोन्ही पावलांवर अंगठे ठेवून तीन सेकंद दाबायचे. खड्डा राहिला तर ते अंगात भरलेलं पाणी, वजन काहीही असो. सूज म्हणजे बाळसं नव्हे, ही म्हण लोक बोलण्यात वापरतात. आईचं ते रोजचं काम आहे.

मी आलो त्या रात्री ती माझ्या पायाशी बसली आणि तिने तेच केलं. अंगठे दाबले, उचलले, चष्मा लावून बघितलं.

"खड्डा नाही पडत."

"ते पाणी नाहीये आई. चरबी आहे, गोळीमुळे तोंडावर जमते."

"मग हे आहे तरी काय?"

सूज नाही, बाळसंही नाही. तिच्या कुठल्याच रकान्यात मी बसेना. दुपारी झोपलेलो दिसलो की तिच्या कपाळावर आठी यायची. "उठ, चार पावलं चाल, तरतरी येईल." ती स्वतः आयुष्यभर पाडे चालली, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती.

पावसाच्या तोंडावर पाड्यावरची एक बाई आली, वसईकडच्या वीटभट्टीवरून नुकतीच परतलेली. ओट्यावर बसली, आईसाठी करवंदं आणली होती. मी काय करतो ते तिने विचारलं. कॉम्प्युटरवर काम, म्हटलं.

"बसून?"

"बसून."

"आन् दमतो?"

टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. दिवाळीनंतर निघायचं, पावसापर्यंत विटा पाडायच्या, तेव्हा दमायचं, हे तिला माहीत. माझ्या दमण्याची एकही वीट मला दाखवता येत नव्हती. मी करवंदं खात राहिलो. (बियांसकट फळं मला मना होती.)

मग मी मूर्खपणा केला. चुलत बहिणीच्या हळदीच्या फोटोत स्वतःचं तोंड बघितलं आणि १५ मिलिग्रॅमवर असताना गोळी बंद केली, कुणाला न सांगता. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलो की डोळ्यांपुढे अंधार. मोरीजवळ पडलो. आईने जीप बोलावली. तोरंगण घाटातून नाशिकला जाताना मी मागच्या सीटवर आडवा आणि ती वाटभर माझं मनगट धरून.

नाशिकच्या डॉक्टरांनी आधी झापलं, मग समजावलं. मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात, त्या शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या काम सोडतात. पुन्हा जाग्या व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. गोळी एकदम तोडली तर जीवावर बेततं.

आई सगळं ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "डॉक्टर, हा दिवसभर लोळतो, ते खरंच आजारामुळे?"

"खरंच. आतड्याची सूज उतरली तरी थकवा पुष्कळ जणांना राहतो. आळस समजू नका."

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. मला बरं वाटायला हवं होतं. उलट राग आला. चार महिने मी सांगत होतो ते एका परक्या माणसाच्या दोन वाक्यांनी खरं ठरलं. अजूनही तो राग पूर्ण गेलेला नाही, आणि तिला मी तो सांगितलेलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जुनं रजिस्टर काढलं, मागच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रेघा मारल्या. तारीख, गोळी, संडासला किती वेळा, झोप. पाचव्या रकान्याला नाव नव्हतं. त्यात काय भरते ते आठवडाभर मला कळलं नाही. ती रोज सकाळी धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्या हातात द्यायची आणि अंगणवाडीला जायच्या गडबडीत दारातून बघायची, एवढंच.

काल ती बाहेर असताना रजिस्टर उघडलं. सोमवार, अर्धी दोरी. मंगळवार, तीन कपडे, मग बसला. बुधवार, बादली उचलली नाही, विचारलं नाही. गुरुवार, पाऊण दोरी, चादर मी टाकली.

आज चादर नव्हती बादलीत.