किती वाजता?

मी मूळची बडोद्याची. घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि शाळेत दोन्ही. 2019 मध्ये नववीत असताना मराठीच्या बाईंनी माहितीपर लेखन दिलं. विषय होता आजवा सरोवर. मी ऐटीत सुरुवात केली, ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं आजवा म्हणजे बडोद्याचा जणू प्राणच!’ निबंधात अशी वाक्यं खपून जायची.

वही परत आली तेव्हा समासात नुसते प्रश्न होते. कुठे? कोणी बांधलं? कधी? पाणी जास्त झालं तर कुठे जातं?

राग आला. पण बाबांना विचारून, वाचनालयात बसून पुन्हा लिहिलं. आजवा शहराच्या पूर्वेला आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या काळात ते बांधलं गेलं आणि 1892 च्या सुमारास तिथलं पाणी शहराला मिळू लागलं. पातळी वाढली की जादा पाणी 62 दरवाज्यांतून विश्वामित्री नदीकडे जातं, आणि विश्वामित्री वाहते शहराच्या मधून. ‘प्राण’ हा शब्द मी स्वतःच खोडला.

त्याच वर्षी 31 जुलैला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. लाईट गेले. विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यांवर दिसू लागल्या. रात्री आमच्या जिन्यात कुणीतरी ओरडलं, “आजवा फुटलं!” आजीने देव्हाऱ्यातले देव पिशवीत भरले आणि ती चपला शोधायला लागली.

मी तिचा हात धरला. “आजी, थांब गं. फुटणं वेगळं आणि दरवाज्यांतून पाणी येणं वेगळं.” बाबांनी दोन-तीन फोन करून खात्री केली. अफवाच होती. मग मी वहीचं पान फाडलं, मराठीत आणि गुजरातीत लिहिलं आणि जिन्यात चिकटवलं: ‘आजवा फुटलेलं नाही. गच्चीवरची टाकी भरलेली आहे. पाणी फाटकाबाहेर आहे, आवारात नाही.’

लोक वाचून घरी गेले. आजीने देव परत मांडले. मला फार भारी वाटलं.

पहाटे तिसऱ्या मजल्यावरचे काका ते पान वाचून स्कूटर हलवायला अंधारात खाली उतरले. शेवटच्या पायऱ्यांवर कमरेएवढं पाणी होतं. ते तसेच वर आले. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “बेटा, तू तर लिहिलं होतंस ना, आवारात पाणी नाही म्हणून?”

लिहिलं होतं. रात्री नऊला ते खरंही होतं. पण नऊ वाजता लिहिलंय, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. त्या पाण्यात एखादी मगर असती तर? आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझी आजव्याची वही मागून घेतली आणि समासातल्या प्रश्नांखाली आणखी एक लिहिला: किती वाजता?

आपल्या मंडळाच्या सूचना आता मी लिहिते. आधी तारीख, मग वेळ, मग जागा, आणि खाली ‘ही सूचना अमुक वाजता लिहिली’. सगळे हसतात. हसू देत. वाचणारा अंधारात पायऱ्या उतरत असेल, हे मला विसरता येत नाही.