नाव उतरेपर्यंत दुसरी चावी माझ्याकडे

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की आमच्या केज तालुक्यात जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढतं. मुकादमांच्या हातात कारखान्याची उचल पडलेली असते आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात टोळ्यांच्या मागे फिरायला चारचाकी लागते. युसूफ वडगावातली आमची अल्टो मी त्याच दिवसांत विकायला काढली. गाडी ठणठणीत, विमा चालू. नव्हतं ते फक्त आरसी कार्ड. कागदांची पिशवी अंबाजोगाईच्या प्रवासात गहाळ झाली, तिच्यात तेही गेलं.

गिऱ्हाईक म्हणून एक मुकादमच आले. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "सर, मला गाडी पळवायचीय, कार्ड नाही. बाँडवर लिहून द्या, बाकीचं हंगामानंतर बघू." भाव सांगताना मात्र त्यांनी त्याच कार्डाच्या नावाने बरीच रक्कम कापली.

आमच्याकडे असे व्यवहार सर्रास होतात. गाडी बाँडवर या हातातून त्या हातात जाते आणि आरटीओच्या नोंदीत पहिलाच मालक राहतो. कायदा नोंद पाहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते. म्हणजे कर्नाटकात कुठल्या घाटात काही घडलं, तर नोटीस वडगावात माझ्या दारी. मी मुकादमांना सांगितलं, "थांबा. आधी कार्ड काढतो, मग विकतो."

पोलीस ठाणं गावातच आहे. तिथे कार्ड गहाळ झाल्याची नोंद करून दाखला घेतला. दुय्यम आरसीसाठी नमुना २६ भरायचा असतो. शुल्क नोंदणीच्या निम्मं. खर्च फार नव्हता, अडचण वेगळीच निघाली. परिवहनच्या पोर्टलवरून ओटीपी जात होता तो गाडी घेतली तेव्हाच्या कुणा मध्यस्थाच्या नंबरवर. आधी मोबाइल नंबर बदलून घेतला. मग कळलं, गाडीचं कर्ज केव्हाच फिटलं असलं, तरी नोंदीत फायनान्स कंपनीचं नाव तसंच होतं. सातबाऱ्यावर बोजा राहिलेल्या जमिनीसारखी गाडीची गत. कंपनीच्या सहीशिवाय दुय्यम कार्डही निघत नाही, विक्रीही होत नाही. जिथून कर्ज घेतलं ती शाखा बंद झालेली. लातूरच्या शाखेत गेलो, तर तिथून फाइल मुख्य कार्यालयात. या एका सहीसाठी जेवढा वेळ गेला, तेवढा बाकी सगळ्या कामांना मिळूनही गेला नाही. अखेर ना हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात आला, बोजा उतरला.

दरम्यान एका एजंटाने सगळं 'बसल्या जागी' करून देतो म्हणून रक्कम सांगितली. कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या तेव्हा मी उठलो. विक्रीच्या सूचनेचा कोरा नमुना २९ सही करून देणं म्हणजे कुणाच्याही नावावर गाडी लिहून देणं.

एमएच ४४ लिहिलेलं नवं कार्ड टपालाने आलं. तोवर मुकादमांनी दुसरी गाडी घेतली असेल असं वाटलं होतं, पण ते आले. कार्ड हातात घेऊन नोंदीतला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला, फायनान्सचा रकाना कोरा असल्याची खात्री केली आणि आधी कापलेली बरीचशी रक्कम परत भावात आली. आम्ही दोघांनी मिळून अंबाजोगाईच्या आरटीओत अर्ज दिला: विकल्याची सूचना म्हणून २९, नावावर करण्यासाठी ३०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर ही सूचना चौदा दिवसांत द्यायची असते.

ताबा देताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहिली. त्या मिनिटानंतर गाडी कुठे काय करते, त्याचा पुरावा असावा म्हणून. पैसे खात्यावर घेतले. दुसरी चावी मात्र ठेवून घेतली.

"एवढा अविश्वास, सर?" मुकादम हसत म्हणाले.

"उचल देताना तुम्ही अंगठा घेता ना?" मी विचारलं.

मालक बदलल्याचा मेसेज आला, त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा येऊन चावी घेऊन गेला.