चिठ्ठी परत मडक्यात जाते

शिरोळ तालुक्यात मी सहा वर्षे होतो. कृष्णा आणि पंचगंगा जिथे एकत्र येतात तो हा मुलूख. नरसोबावाडीला पाणी चढून पादुकांवरून वाहू लागले की दक्षिणद्वाराच्या स्नानाला झुंबड उडते. नदी दाराशी आली तर घाबरण्याऐवजी हात जोडणारी ही माणसे. त्यांच्यातल्या एका आबांची आणि माझी ही गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही. चूक माझी होती, आणि ते गाव मला अजून जेवायला बोलावते.

२००८ च्या उन्हाळ्यात आबांनी गोठा बांधायला काढला. दहा म्हशींचा, पक्का, बँकेचे कर्ज काढून. जागा ओढ्याकाठची, नदीपासून अर्ध्या कोसावर. मला म्हणाले, "साहेब, पाटबंधारेवाल्यांची निळी रेघ हितनं जाती म्हणत्यात. काय असती वं ती?"

मी शिकलेला माणूस. सांगून टाकले, "पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल."

आबांनी बोटे मोजली. "मग पाच सालाला येऊन गेलाच की मोठा. आता तीस सालापतुर घोर न्हाई."

मी मान डोलावली. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम करायचे नसते, तो निषिद्ध पट्टा आहे, हे पाटबंधारे खात्याने १९८९ च्या परिपत्रकातच सांगितले आहे. मला ते ठाऊकही होते. पण "गोठ्याला कोण विचारतंय" असे म्हणालो तो मीच.

आबांनी २००५ च्या पाण्याची खूण दारच्या लिंबावर गेरूने केली होती. गोठ्याची जमीन त्या खुणेपेक्षा हातभर वर घेतली. एवढे केल्यावर कोणालाही वाटेल, झाले काम.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली ते ५४ च्या आसपास थांबले होते. म्हणजे लिंबावरची खूण तीन फूट खालीच पडली. (सांगलीचे तीन फूट म्हणजे आबांच्या दारचे तीन फूट नव्हेत, पण हिशेब त्याच चालीचा.) सगळे गाव घाटाकडे बघत बसले होते, आणि पाणी आले मागून, ओढ्यातून उलटे. रात्री दोनला थोरल्या लेकाने दावी कापली. आठ म्हशी निघाल्या. मागच्या गव्हाणीवरच्या दोन राहिल्या.

तेव्हा माझी बदली शेजारच्या तालुक्यात झाली होती. पंचनाम्यांसाठी आम्हा सगळ्यांना जुंपले, आणि माझ्या वाट्याला नेमके तेच गाव आले. कागदावर "म्हैस – दोन" असे लिहिले. आबा समोर उभे होते. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी करायला लावला, गुडघाभर चिखलातल्या चुलीवर.

पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांपलीकडे गेले, म्हणजे २०१९ पेक्षाही वर. या खेपेला म्हशी आदल्या दुपारीच माळावर होत्या, पण गोठ्याची मागची भिंत बसली. आबांनी एवढेच विचारले, "साहेब, शंभर वर्सं दोन वर्सात सरली व्हय?"

उत्तर मला धड देता आले नाही. ते सुचले भाच्यामुळे. तो अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तिथे घर घेताना त्याने पुराच्या विम्याचा नकाशा पाहिला आणि मला फोनवर समजावून सांगितला. त्या देशात पुराचे नकाशे विम्यासाठीच काढतात. प्रत्येक वस्तीला अक्षर दिलेले असते. 'ए' किंवा 'व्ही' अक्षराने सुरू होणारा पट्टा धोक्याचा, आणि तिथले घर सरकारी आधाराच्या कर्जावर घ्यायचे तर पुराचा विमा काढावाच लागतो. 'एक्स' पट्ट्यात सक्ती नाही. २०१७ च्या हार्वे वादळात मात्र या 'एक्स' पट्ट्यातली घरेही मोठ्या संख्येने बुडाली. तो म्हणाला, "मामा, शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक. तीस वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत शंभरात सव्वीस."

दर वर्षी! हा शब्द मी आबांना सांगितलाच नव्हता. संख्याशास्त्राच्या पेपरात मी हे लिहून आलो होतो, आणि बांधावर उभा राहिल्यावर विसरलो होतो.

पुढच्याच रविवारी मी आबांकडे गेलो आणि एक मडके मागून घेतले. पंचवीस चिठ्ठ्या केल्या, एकीवर निळी फुली. म्हटले, "आबा, दर पावसाळ्याला डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. फुली आली तर पूर. आणि आलेली चिठ्ठी परत मडक्यात टाकायची."

"परत का? येऊन गेली न्हवं ती?"

"तीच तर चूक आपण दोघांनी केली."

चिठ्ठी परत जाते म्हणून लागोपाठ दोन वर्षेही फुली येऊ शकते. दहा वर्षांत ती निदान एकदा निघण्याचा संभव साधारण तिनात एक. पंचवीस वर्षांत शंभरात चौसष्ट. आणि मडक्यात फुल्या किती, हे मागच्या पावसांवरून ठरवलेले असते. पाऊस बदलला, पात्रात भराव पडले, की फुल्या वाढतात. नकाशा आपोआप बदलत नाही. (अलमट्टीचा वाद आमच्याकडे दर पारावर रंगतो. त्यात मी पडत नाही, म्हैस दोन्ही बाजूंची बुडते.)

दुसरे एक, जे मला फार उशिरा उमगले. रेषा नदीपासूनच्या अंतराची नसते, उंचीची असते. नदीला लागून उंच दरडीवरचे शेत रेषेबाहेर असू शकते, आणि अर्ध्या कोसावरचा ओढ्याचा काठ आत. म्हणून नकाशा बघताना आधी ओढे शोधावेत. नकाशे पाटबंधारेच्या कचेरीत बघायला मिळतात. सगळ्या नदीकाठावर रेषा आखलेल्या नाहीत. जिथे नाहीत तिथे म्हाताऱ्यांना विचारावे, देवळाच्या पायरीवरची खूण बघावी. आणि पाणी आपल्या उंबऱ्याला लागेल त्या घटकेला आयर्विन किंवा राजारामचा आकडा किती होता, तो भिंतीवर लिहून ठेवावा. शिरोळकरांना ही दोन्ही ठिकाणे वरच्या अंगाची, तेव्हा पुढच्या खेपेला तो आकडा आधी बोलेल.

विम्याचे म्हणाल तर आपल्याकडे रेषा बघून पीकविमा ठरत नाही. तो महसूल मंडळ धरून चालतो. मळीचे रान आणि मुरमाड माळ एका मंडळात असले तर हिशेब एकच. घराच्या विम्यात मात्र पूर धरतात. २०२१ पासून साधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात पूर आहे. म्हशीचा विमा निराळा, कानात बिल्ला मारून. आबांच्या दोन म्हशींना बिल्ला नव्हता, आणि तेही त्यांना सांगायचे माझेच काम होते.

आबांचा लेक माझ्याबरोबर कचेरीत आला. बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिला. गोठा निळ्याच्या आत आणि राहते घर निळ्या-लालच्या मध्ये निघाले. या मधल्या पट्ट्यात बांधता येते, पण अटी आहेत. नव्या घराचे जोते लाल रेषेच्या पातळीहून दीडेक फूट वर लागते. त्याने चुलत्याशी बोलून माळावरचे चार गुंठे बदली घेतले. आता गोठा तिथे आहे. वैरण डोक्यावरून चढवून न्यावी लागते, म्हणून सून माझ्यावर थोडी नाराज आहे.

मडके आबांनी ठेवून घेतले. मृगाच्या दिवशी नातीला चिठ्ठी काढायला लावतात. गेल्या साली मी तिथेच होतो. कोरी निघाली. पोरगी ती हातात धरून अंगणात पळाली, तर आबा बाजेवरून ओरडले, "अगं, आधी परत टाक ती मडक्यात!"