न चिकटणारं प्लास्टिक

आमच्या बादलीच्या काठाला चीर गेली. गोंदांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. घरात होता तो झटपट चिकटणारा गोंद चिरेत भरला आणि दाबून धरला. तो टणक वाळला. पण भरलेली बादली उचलताच चीर पुन्हा उघडली आणि गोंदाची पारदर्शक पापडी अख्खी निघून हातात आली. गोंद नीट वाळला होता. प्लास्टिकला त्यानं धरलंच नव्हतं.

हार्डवेअरच्या दुकानात मी त्याहून भारी गोंद मागितला. काका म्हणाले, "ताई, आधी बादली पालथी करा." बुडाला बाणांच्या त्रिकोणात ५ हा आकडा होता. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीपी. २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलीन, तेही याच भावकीतलं. आकडा नसेल तर तुकडा पाण्यात टाकायचा: ही दोन्ही तरंगतात, पीव्हीसी आणि एबीएस ही दुसरी प्लास्टिकं बुडतात. मग काकांनी त्या झटपट गोंदाची बाटली हातात दिली. ती पॉलिइथिलीनचीच होती!

गोंद न धरण्याचं कारण घरी येऊन वाचलं. गोंदानं धरायचं तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे. पसरू देण्याच्या गुणाला सरफेस एनर्जी म्हणतात. मी आपली 'पृष्ठभागाची ओढ' म्हणते. पीपीची ओढ मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन, एबीएसची ४०च्या आसपास. पीपीच्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांत गोंदाला धरायला फारसं काही नसतं. बादलीवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो न पसरता फुगून बसला. सँडपेपरनं घासलं, खडबडीतपणा आला, ओढ वाढली नाही.

मग पीव्हीसी पाइपांचं सॉल्व्हंट सिमेंट आणलं. त्यातलं द्रावक पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की सांधा एकजीव होतो. पीपी मात्र घरच्या तापमानाला अशा द्रावकांत विरघळत नाही. वाळलेलं सिमेंट नखानं सोलून निघालं.

खरा उपाय निघाला पॉलिओलेफिन प्रायमर, म्हणजे या भावकीतल्या प्लास्टिकांवर गोंदाआधी लावायचं द्रव. खिडक्या उघडून त्याचा पातळ हात फिरवायचा, सुकू द्यायचा, मग वर तोच झटपट गोंद. डब्याच्या झाकणाचा तुटलेला खटका असा जोडला आणि तो टिकला. जास्त ताकद हवी तर दोन भागांचा खास अॅक्रिलिक गोंद मिळतो, उदाहरणार्थ थ्रीएमचा डीपी ८००५. तो प्रायमरशिवाय पीपी आणि पॉलिइथिलीन धरतो. त्याचे दोन भाग दहास एक या प्रमाणात नळीच्या तोंडातच मिसळतात, जोडायला दोन-तीन मिनिटंच मिळतात आणि पूर्ण ताकद यायला दिवस जातो. कारखान्यांत गोंद धरावा म्हणून प्लास्टिकवरून ज्योत फिरवतात. पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो आणि ओढ वाढते.

तो दोन भागांचा गोंद बादलीपेक्षा महाग पडत होता, म्हणून चीर प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे नेली. गरम हवेनं काठ आणि त्याच प्लास्टिकची काडी एकदम वितळवून तो ती भरतो. पीपी सुमारे १६० अंशांना वितळतं, जास्त घनतेचं पॉलिइथिलीन १३०च्या आसपास, आणि एकाची काडी दुसऱ्यावर धरत नाही. म्हणून गोंद असो की काडी, आधी बुडाचा आकडा वाचायचा.