हातमोजा

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने दिवाळी अंकात काय लिहावे याचे काही संकेत आहेत. तिथले रस्ते, तिथली स्वच्छता, आणि शेवटी ‘पण आपली भाकरी ती आपली भाकरी’. मी मात्र बॉस्टनहून परतलो तो एका हातमोजाची गोष्ट घेऊन. ती सांगताना मला माझ्याच शाळेतली एक गोष्ट सांगावी लागणार आहे, आणि ती काही माझ्या फारशी फायद्याची नाही.

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि सौ. मुलीकडे बॉस्टनजवळ महिनाभर राहिलो. जावई दिवसभर कामावर, मुलगी संगणकापुढे. सौ. नातवात रमली. उरलो मी. मुख्याध्यापकाला सुटी म्हणजे शिक्षाच असते. घंटा नाही, कुणाला ओरडायचे नाही. मी अंगणात येरझाऱ्या घालू लागलो आणि शेजारच्या आजोबांच्या दृष्टीस पडलो. ते पोस्टातून निवृत्त झालेले. संध्याकाळी ओट्यावर रेडिओ लावून बसत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारले, “बेसबॉल?” मी म्हणालो, “क्रिकेट.” त्यांनी अशा नजरेने पाहिले की एखाद्या नापास मुलाला मीही तशा नजरेने पाहत नाही!

दोन-तीन संध्याकाळींत मला खेळ ढोबळ कळला. मैदानात नऊ गडी. चार तळ, त्यांना ते बेस म्हणतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर एकेक पहारेकरी. चेंडू टाकणाऱ्याने फलंदाजी करायची नाही. त्याच्याऐवजी एक नेमलेला फलंदाज असतो, जो फक्त मारतो आणि क्षेत्ररक्षणाला जातच नाही. आजोबांच्या संघाच्या लीगमध्ये ही सोय १९७३ पासून आहे.

आजोबांचा संघ म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स. त्या गावात दुसरा संघ असू शकतो हे कुणाला मान्यच नाही. त्यांचे फेनवे पार्क हे मैदान १९१२ साली उघडले. जावई एकदा तिथे घेऊन गेले. डाव्या बाजूला सदतीस फूट उंचीची हिरवी भिंत, आणि त्या भिंतीत धावफलक. त्यावरचे आकडे अजून माणूस हाताने बदलतो. एवढ्या यंत्रांच्या देशात तो पत्र्याचा आकडा सरकताना पाहून मला लहानपणीचे बेळगावचे सामने आठवले आणि तिथे पहिल्यांदा परके वाटले नाही.

त्या वेळी सगळ्या गावात एकच वाद चालू होता. रफाएल डेव्हर्स हा त्यांचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. डॉमिनिकन रिपब्लिकमधला. २०१७ साली वीस वर्षांचा असताना मुख्य संघात आला, पुढच्याच वर्षी संघाने विश्वमालिका जिंकली. २०२३ मध्ये संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला, एकतीस कोटी पस्तीस लाख डॉलरचा. मारायला जबरदस्त, पण क्षेत्ररक्षणात चुका बऱ्याच. मग २०२५ च्या फेब्रुवारीत संघाने अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणले. तो तिसऱ्या बेसवर निर्विवाद सरस. डेव्हर्सला सांगण्यात आले, तू आता नेमलेला फलंदाज. आधी तो तयार नव्हता, मग झाला. हंगामाची सुरुवात फार वाईट गेली, पण लवकरच सूर गवसला. आणि २ मे रोजी पहिल्या बेसवरचा ट्रिस्टन कसास धावताना पडला. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, हंगाम संपला. तेव्हा वरिष्ठांनी डेव्हर्सला विचारले, पहिल्या बेसवर खेळशील का? तो नाही म्हणाला. पत्रकारांसमोर त्याने सांगितले की, तुम्हीच मला हातमोजा काढून ठेवायला सांगितलेत, दुसऱ्या कुठल्या जागी खेळावे लागणार नाही म्हणालात, आता पुन्हा घाल म्हणता. प्रकरण इतके तापले की संघाचे मालक विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले.

आमच्याकडे निवड समितीवर पानाच्या टपरीवर जेवढे बोलले जाते तेवढेच तिथे केशकर्तनालयात बोलले जाते. न्हावी म्हणाला, “एवढे पैसे मिळाले तर मी प्रेक्षकांत शेंगदाणेसुद्धा विकीन!” खुर्चीतला गृहस्थ म्हणाला, “शेंगदाणे विकणे तुला जमेल. पहिला बेस म्हणजे वेगळा मोजा, वेगळी पावले. भर हंगामात शिकायचे आणि चुकले की तूच शिव्या देणार.” सगळे ‘आम्ही’, ‘आमचे’ म्हणून बोलत होते. संघाची एक वीटही कुणाच्या मालकीची नाही, पण दुखणे मात्र घरातले.

माझे मत पक्के होते. संघाला गरज आहे, माणसाने उभे राहावे. जावई म्हणाले, “बाबा, आपल्या द्रविडने नाही का घातले विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज? २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून.” मला हर्ष झाला. मी तो दाखला आजोबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितला. शिवाय तो खेळाडू आमच्याच राज्याचा, हेही. आजोबांनी शांतपणे विचारले, “त्याला आधी कुणी सांगितलं होतं का, की तू फलंदाज म्हणून नालायक आहेस, बाजूला हो?”

मी गप्प झालो.

मग ते आणखी एक बोलले. हा मुलगा पत्रकारांशी स्पॅनिशमध्ये बोलतो, दुभाषी ते इंग्रजीत सांगतो. “आम्ही ऐकतो तो दुभाष्याचा आवाज. त्याचा राग ऐकतो की त्याचं दुःख, कोण सांगणार?” आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. कचेरीत आपला अर्ज एका भाषेत, उत्तर दुसऱ्या भाषेत, आणि मधला कारकून सांगेल तो आपला स्वभाव! पण त्या रात्री मला झोप आली नाही ती वेगळ्याच कारणाने. माझ्या गोष्टीत तर दुभाषीही नव्हता. दोघांची मातृभाषा मराठी, आणि वादही मराठीच्याच शिक्षकाशी.

ती गोष्ट अशी. आमच्या शाळेत मराठीचे एक ज्येष्ठ शिक्षक आहेत. वीस-बावीस वर्षे दहावीची मराठी त्यांच्याकडे. शिकवणे जुन्या वळणाचे. कवितेत शिरले की अभ्यासक्रम विसरत. पटसंख्या घटते आहे, पालक इंग्रजी माध्यमाकडे वळताहेत, अशा वेळी निकालाचा एकेक गुण मोलाचा. २०२४ च्या जूनमध्ये मी दहावी नव्या बाईंकडे दिली. निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. बाई खरोखर चांगल्या शिकवतात. सरांना मी म्हणालो, “तुम्ही आता ही धावपळ करू नका. आठवी आणि वाचनालय सांभाळा. निवृत्तीपर्यंत मी तुम्हाला दुसरं काही सांगणार नाही.” मला वाटले, मी सन्मान करतो आहे. ते काही बोलले नाहीत. टेबलावरचा खडूंचा डबा तेवढा उचलून कपाटात ठेवला.

पुढच्या मार्चमध्ये समाजविज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले. जागा भरली जाण्याची चिन्हे नव्हती. मी नव्या वर्षाचे वेळापत्रक केले आणि नववीचा इतिहास सरांच्या नावापुढे लिहिला. सूचनावही शिपायाबरोबर पाठवली. वही परत आली ती सहीशिवाय. खाली एकच ओळ होती: ‘माझ्याकडून होणार नाही.’

मला राग आला. माझ्या कारकिर्दीत सूचनावहीवर असे कुणी लिहिले नव्हते. मी खुलासा मागणारा मेमो तयार केला. संस्थेच्या चिटणीसांच्या कानावरही घातले की यांना दुसऱ्या शाखेत हलवता येईल का पाहा. मेमो ड्रॉवरमध्ये ठेवून मी विमानात बसलो, शाळा उघडताच बजावायचा म्हणून.

आणि आता सात समुद्रांपलीकडे एक पंचवीस-तीस वर्षांचा, कोट्यधीश, अनोळखी पोरगा माझ्या सरांचे वाक्य बोलत होता.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणखी गंमत झाली. ब्रेगमनच्याच मांडीचा स्नायू दुखावला आणि तिसरा बेसही मोकळा पडला. पुन्हा केशकर्तनालय पेटले. निरोप घ्यायला गेलो तर आजोबा म्हणाले, “आमच्या लोकांनी १९२० साली बेब रूथला न्यूयॉर्कला विकल्याचं जाहीर केलं, मग २००४ पर्यंत विश्वमालिका जिंकली नाही. २०२० मध्ये मूकी बेट्सला लॉस एंजेलिसला धाडलं. आम्हाला माणसं आणता येतात. ठेवता येत नाहीत.” मी त्यांचा हात हातात घेतला. माझ्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते त्यांना सांगायचे धैर्य मात्र झाले नाही.

शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत गणपतीशिवाय कधी गेलो नव्हतो. वहिनींनी चहा केला. थोडा वेळ पावसाचे बोलणे झाले. मग मी म्हणालो, “सर, इतिहासाला माणूस नाही. तुम्ही घ्याल का, हे विचारायला आलोय. नाही म्हणालात तरी चालेल.”

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “इतिहास मला जड नाही, सर. दुसरं काही सांगणार नाही असा तुम्ही मला शब्द दिला होता. तो शब्द परत मागायला तुम्ही शिपायाला पाठवलंत.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. “चुकलंच,” एवढे म्हणालो. मुलांकडून रोज वदवून घेतलेला हा शब्द स्वतः उच्चारायला फार जड जातो, हे छप्पन्नाव्या वर्षी कळले. सर म्हणाले, “उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी ते वही मागून घेऊन आपणहून सही करून गेले. मेमो मी फाडला. चिटणीसांनाही फोन करून विषय मिटवला.

जूनच्या मध्याला जावयांचा फोन आला. “बाबा, डेव्हर्सला काढला! सॅन फ्रान्सिस्कोला दिला.” १५ जून. त्याच दिवशी रेड सॉक्सनी न्यूयॉर्कच्या यँकीजना सलग तिसऱ्या सामन्यात हरवले होते. गाव पेढे वाटायच्या तयारीत असताना ही बातमी. मी विचारले, “आजोबा काय म्हणतात?” जावई म्हणाले, “त्यांनी रेडिओ बंद करून ठेवलाय.”

जुलैत आणखी एक बातमी आली. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हर्स पहिल्या बेसवर खेळू लागला. तोच मोजा, तीच जागा. बॉस्टनकरांनी याचे दोन अर्थ लावले. न्हाव्याच्या मते, पाहा, जमत होते, मुद्दाम अडला. आजोबांच्या मते, पाहा, जमत होते, तुम्ही विचारले नीट नाही. रेड सॉक्स त्या वर्षी बाद फेरीत पोचले आणि यँकीजकडूनच हरले. हंगाम संपल्यावर ब्रेगमननेही करारातली सवलत वापरून स्वतःला मोकळे करून घेतले. ज्याच्यासाठी जागा रिकामी केली तोही राहीलच असे नसते.

न्हावी खरा की आजोबा, मी ठरवू शकत नाही. डेव्हर्सच्या मनातले डेव्हर्स जाणे. सरांचे मात्र मला ठाऊक आहे. नववीच्या वर्गावरून जाताना मी कधी कधी थबकतो. इतिहास शिकवताना मध्येच पोवाड्यात शिरतात, अभ्यासक्रम विसरतात. मुले मात्र गप्प बसून ऐकत असतात. मी पुढे जातो.

सगळे जुळून आले असे मात्र समजू नका. पूर्वी मधल्या सुटीत सर माझ्या खोलीत येऊन चहा घेत. आता शिक्षक-खोलीतच घेतात. मीच कधी कप घेऊन तिकडे जातो. ते खुर्ची सरकवून जागा करतात, बोलतात, हसतातही. पण माझ्या खोलीतली त्यांची खुर्ची अजून रिकामीच आहे.

या वर्षीचे वेळापत्रक करताना मी सूचनावही कपाटात ठेवली आणि एकेका शिक्षकाकडे स्वतः गेलो. वेळ लागला. दोघे नाही म्हणाले. त्यांची कारणे मी आधी ऐकून घेतली, मगच खोडरबर हातात घेतला.