सारवणातली बोटं

गाऱ्याचा गोळा भिंतीवर बसला की आजी तो आधी तळहाताच्या टाचेने वर रेटते. मग बोटं फाकवते, कोपर जागच्या जागी ठेवते आणि हात डावीकडून उजवीकडे एका झोकात फिरवते. मागे चार बोटांच्या चार रेघा उरतात, अर्ध्या कड्यासारख्या वळलेल्या. पुढचा गोळा शेजारी, पुढचं कडं पहिल्याला जरासं खाऊन. तासाभरात कुडाची ती उघडी भिंत माशाच्या खवल्यांनी भरल्यासारखी दिसू लागली. मी बावीस वर्षं मुलांना भित्तिचित्र शिकवतो आहे. भिंतीवर मोठं वर्तुळ काढायचं तर खिळा, सुतळी आणि खडू लागतो, हे दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो. आजीचा खिळा म्हणजे तिचं कोपर आणि सुतळी म्हणजे तिचा हात. तिची सगळी कडी एका मापाची होती, कारण हात एकच होता.

ही भिंत तोरणमाळच्या एका पाड्यावरची. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. खालची ऊस-केळीची शेतं संपली की सात पायऱ्यांचा घाट लागतो आणि सुमारे ११५० मीटर उंचीवर गाडी एकदम मोकळ्या माळावर येते. यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं मंदिर बघून बहुतेक पर्यटक संध्याकाळी उतरतात. पाडे आणखी आत, उतारावर विखुरलेले, दोन घरांच्या मध्ये एखादं शेत. घरात पावरी बोली. आमची मुलं खाली खानदेशातली, आईशी अहिराणीत बोलणारी. त्यांनाही पहिले दोन दिवस काही कळत नाही. आजीचं बोलणं तिचा नातू आम्हाला मराठीत सांगायचा. तो नववीत होता.

आम्ही तिथे जातो ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. सात दिवसांचं हिवाळी शिबिर हा तिचा कणा. शोषखड्डे, रस्त्याची डागडुजी, संध्याकाळी व्याख्यान. माझ्याकडची मुलं चित्रकलेची, म्हणून आम्ही ठरवलं की भिंत रंगवायची. पहिल्या वर्षी आम्ही चित्र सोबत घेऊनच गेलो. इथेच चुकलं.

रस्त्यालगत डोंगर कापून बांधलेली सिमेंटची एक लांब भिंत होती. ती आम्हाला आयती मिळाल्यासारखी वाटली. प्रायमर मारला, गेरूच्या रंगाचं अॅक्रिलिक दिलं आणि त्यावर पांढऱ्यात वारली नाच काढला. त्रिकोणांची माणसं, हातात हात, मधोमध तारपा वाजवणारा. चार दिवसांत काम झालं, फोटो निघाले. पाचव्या दिवशी आजी डोक्यावर हंडा घेऊन जाताना थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग नातवाकरवी तिने विचारलं, "ही माणसं कुठली?" एक मुलगी म्हणाली, "आदिवासी आहेत, आजी." आजीने पुन्हा विचारलं, "कोणत्या गावची? हा काय वाजवतो?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या पाड्यावर तारपा कुणी वाजवत नाही. तिथे ढोल वाजतो, मांदल वाजतो, बासरी वाजते.

वारली चित्र आहे डहाणू, तलासरी, जव्हारकडचं. लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो त्या घराचा विधी असतो. जे. जे.त शिकलेले भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात त्या गावांत कागद आणि रंग घेऊन राहिले आणि जिव्या सोमा मशे यांची रेघ जगाला दिसली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ती रेघ गाजली तशी महाराष्ट्रात कुठल्याही कार्यालयाच्या, पुलाच्या, स्टेशनच्या भिंतीवर 'आदिवासी' म्हटलं की हेच त्रिकोण येऊ लागले. मला त्या चित्रांबद्दल फार आदर आहे, म्हणूनच हे बोचतं. एका समाजाचा चौक उचलून दुसऱ्या समाजाच्या दारात काढायचा आणि त्यांना सांगायचं की हे तुम्ही आहात. हे करताना आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते मी, वर्गात, आराखडा मंजूर करताना.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा भिंतच बोलली. तोरणमाळचा पाऊस आणि धुकं चार महिने हटत नाही. भिंतीच्या पाठीला डोंगर, त्यातलं पाणी सिमेंटमधून पुढे झिरपतं. पुढून आम्ही अॅक्रिलिकची कातडी चढवलेली. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून त्याने कातडीच ढकलून काढली. लोणा फुटला होता, पोपडे हाताएवढे सुटले होते. नाचणाऱ्यांची फक्त पावलं उरली होती. एक मुलगा पोपडे गोळा करून पिशवीत भरत होता. त्यानेच आदल्या वर्षी तो तारपेवाला काढला होता.

तेव्हा मुलांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या आणि रात्री शेकोटीपाशी सांगितल्या. पहिली भोपाळची. भारत भवन १९८२ साली उभं राहिलं तेव्हा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी कलेच्या विद्यार्थ्यांची पथकं मध्य प्रदेशातल्या आदिवासी गावांत पाठवली होती. बघायला, शोधायला. पाटणगढच्या मातीच्या भिंतींवर त्यांना गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम सापडला. आणि त्याच भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणारी झाबुआकडची भिल्ल बाई, भूरीबाई, स्वामीनाथन यांच्या सांगण्यावरून चित्र काढू लागली. तिला २०२१ साली पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनी तेव्हा कुणाला चित्रकला शिकवली नव्हती. भिंत कुणाची आहे ते ओळखलं होतं.

दुसरी गोष्ट आमच्याच खानदेशातली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. मांडणीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे दिलं, अट एवढीच की साहित्य त्या भागातलं असावं. बांबू, लाकूड, गवत यांतून नगर उभं राहिलं आणि ते उभं केलं गावच्या कारागिरांनी. पुढे १९३८ साली सुरत जिल्ह्यात, आमच्याच तापीच्या काठी, हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी माती-रंगांत जी चित्रं केली ती सगळ्यांना माहीत आहेत. फैजपूरचं त्या मानाने कुणी बोलत नाही, कारण ते उरलं नाही. बांबू उतरवले, गवत गुरांनी खाल्लं असेल. पण मला फैजपूर जास्त जवळचं वाटतं. मोठ्या चित्रकाराने आपली रेघ बुरुडाच्या आणि सुताराच्या हातात दिली, तो हात जसा वळेल तशी वळू दिली. शांतिनिकेतनात कलाभवनाच्या मुलांचं मातीचं वसतिगृह आहे, डांबराने काळं केलेलं, भिंतींवर मुलांनी आणि शिक्षकांनी मातीतून उठवलेली चित्रं. ते काम १९३४ पासून चाललं. तिथली मुलं चित्र काढण्याआधी भिंत लिंपायला शिकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने पाड्यावर गेलो. विचारलं, काय करू? आजी म्हणाली, माझी वाटेकडची भिंत झडली आहे. तिला भिंत हवी होती, चित्राचं तिने नावही काढलं नव्हतं. पण ती भिंत पाऊलवाटेवर होती. पाण्याला जाणारा आणि शाळेला जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जायचा. सार्वजनिक म्हणावी अशी याहून चांगली जागा मला सापडली नसती.

गारा करणं म्हणजे माती कालवणं असं मुलांना वाटलं होतं. आजीने माती चाळायला लावली, भिजवून ठेवायला लावली, मग शेण, मग भाताचं तूस. पायाने तुडवायचं. पाणी जास्त झालं की गोळा भिंतीवरून घसरतो, कमी झालं की वाळताना तडे जातात. तूस मातीला धरून ठेवतं. ते तुडवताना मी मुलांना अजिंठ्याच्या भिंतींबद्दल सांगितलं. तिथेही दगडावर आधी मातीचाच गिलावा आहे, त्यात तूस आहे, गवताचे तंतू आहेत, वर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. कलेच्या इतिहासाच्या तासाला हे वाक्य ती चार ओळींत लिहून मोकळी झाली होती. गुडघाभर गाऱ्यात उभं राहिल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे अजिंठ्यालापण कुणीतरी हे तुडवलं असेल." असेलच. त्यांची नावं आपल्याला चित्रकारांच्या नावांइतकीच अज्ञात आहेत.

थापायला मुलं बसली तेव्हा खरी परीक्षा झाली. त्यांचं मनगट वळायचं. ब्रश धरून धरून आमचं सगळं रेखाटन मनगटात आलेलं असतं. मनगट वळलं की कडं लहान होतं, गारा एका जागी दाटतो. आजीने एका मुलाचं मनगट आपल्या हाताने धरलं आणि कोपरापासून हात फिरवून दाखवला. तीन वेळा. चौथ्या वेळी त्याचं कडं मोठं आलं, तिच्यापेक्षा मोठं, कारण त्याचा हात लांब. ती हसली आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. नातवाने सांगितलं, "आजी म्हणते, भिंत बघून सांगता येईल कुठं कोण बसलं होतं." खरंच सांगता येत होतं. अकरा मुलं, आजी, तिची सून, शेजारच्या दोघी. प्रत्येकाच्या कड्याचं माप वेगळं. सही करायची गरजच नव्हती.

मुलांना तरीही चित्र काढायचं होतं, आणि मी त्यांना अडवलं नाही. त्यांनी ठरवलं की रंग आणायचा नाही, गारा ओला असताना बोटानेच काढायचं. पाड्यातली पोरं आधी पुढे झाली. त्यांनी बकरी काढली, कोंबडी काढली, एस.टी. काढली. एस.टी.ला त्यांनी सहा चाकं दिली होती. एक तरुण लांब उभा होता. होळीला काठी या गावी आणि आसपासच्या गावांत जे नाचायला जातात त्यांतला तो. ज्यांचा नवस असतो ते होळीच्या आधीपासून पाळणी करतात, मग अंगावर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. रात्रभर नाच, आणि पाळणी संपली की ते रंग धुऊन टाकतात. त्याने वाटीत पांढरी माती कालवली आणि भिंतीच्या खालच्या कडेला, अंगावर जसे देतात तसे, बोटाच्या टोकाने ठिपके देत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पहिल्या वर्षी पाच लिटर पांढरा रंग नेऊन जे शोधत होतो ते या माणसाच्या कातडीवर दर फाल्गुनात असायचं. ते आमच्या अभ्यासक्रमात कुठे बसत नाही, कारण ते भिंतीवर नाही आणि टिकत नाही. नर्मदेपलीकडे अलीराजपूरकडे घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे निघतात, तेही नवस फेडण्यासाठी, तेव्हा त्यालाही शोभेचं चित्र म्हणणं अपुरं आहे. चित्र आणि नवस यांची गाठ तिथे इतकी घट्ट आहे की मी वर्गात ती सोडवून दाखवायला आता बिचकतो.

भिंत सुकायला थंडीने वेळ लावला. सकाळी दव पडायचं, दुपारी ऊन, सावलीकडची बाजू शिबिर संपलं तरी गार लागत होती. मुलांनी तिथेही एक बारीक तडा शोधला आणि आजीला दाखवला. तिने अंगठ्याने तो दाबून मिटवला, तेवढंच.

तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा भिंत नव्याने सारवलेली होती. बकरी, कोंबडी, सहा चाकांची एस.टी., ठिपके, काहीच नव्हतं. सगळीकडे ओळीने कडी, एका मापाची. दोन मुली गप्प झाल्या. त्यांतल्या एकीने, जिचं मनगट सगळ्यात शेवटी सुटलं होतं, भिंतीवर आपलं बोट ठेवून एक कडं पूर्ण फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "हे आजीचं नाही. सूनबाईचं आहे." आजीचा खांदा दुखतो, ती आता ओट्यावर बसून सांगते, असं नातवाने सांगितलं. नातू अकरावीत, शहाद्याला शिकतो, सुट्टीला आला होता.

आजीने आम्हाला एकच दोष दिला. तुम्ही चुकीच्या वेळी येता, म्हणाली. सारवण होऊन गेल्यावर येता. पाड्यावर सारवण निघतं दिवाळीआधी, आणि डोंगरातल्या गावांची दिवाळी आपल्या कॅलेंडरची नसते. प्रत्येक गाव एकत्र बसून आपला दिवस ठरवतं. तो ठरला की निरोप द्यायचं तिने कबूल केलं आहे.

शिबिराच्या परवानगीचा अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. मुलांची यादी, साहित्याचा खर्च, घमेली किती, चाळण्या किती, सगळं भरलं. रंगांच्या रकान्यात शून्य लिहिलं. तारखेचा रकाना मी अजून मोकळा ठेवला आहे.