कोणाचे हो तुम्ही?

आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत अनोळखी पोर वाटेत भेटले की म्हातारी माणसे त्याला नाव विचारीत नाहीत. “कोणाचा रे तू?” असे विचारतात. पोर कोणाचे हे कळले की घर, वस्ती, आजोबांचा तापटपणा, चुलत्याचे कर्ज, सगळे एकदम कळते. लहानपणी मला या प्रश्नाचा फार राग येई. पुढे साठी उलटल्यावर हाच प्रश्न मला माझ्या आईने विचारला.

दिवाळीचे दिवस होते. शेजारच्या काकूंनी फराळाचे ताट पाठवले होते. आम्ही ख्रिस्ती, पण दिवाळीला काकूंचे ताट आमच्याकडे यावे आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जाव्यात, हा कित्येक वर्षांचा परिपाठ. ताट रिकामे परत करायचे नाही, हा आईचा दंडक. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी ताटात घालायचीच. त्या दिवशी मी ताट तिच्यापुढे धरले. तिने चकलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अगदी अदबीने विचारले, “कोणाचे हो तुम्ही?”

डॉक्टरांनी त्या आधीच वर्षभर स्मृतिभ्रंश हे नाव सांगून ठेवले होते. नाव कळल्याने दुखणे हलके होत नाही, एवढेच मला त्यातून कळले.

आमचे घराणे मिशनच्या वळणाचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. पुढे कधीतरी आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. वडील शाळामास्तर. त्यांची प्रार्थना व्याकरणशुद्ध असे. “हे परमकृपाळू पित्या” पासून “आमेन” पर्यंत एकही क्रियापद चुकत नसे. आईचे तसे नव्हते. ती पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवी आणि ख्रिस्ताशी बोलू लागे. डोळे मिटलेले नाहीत, हात जोडलेले नाहीत; हातात पीठ. “याचा ताप उतरू दे बाबा. आणि मास्तरांना जरा बोलायला सांग त्या हेडमास्तरांशी, नुसते कुढतात.” मध्येच, “मीठ संपलं बघ.” लहानपणी मला वाटे, स्वयंपाकघरात खरोखरच कोणी पाटावर बसलेले आहे आणि मी गेलो की ते उठून जाते.

वडिलांकडे संध्याकाळी एक शास्त्रीबुवा येत. शाळेत संस्कृत शिकवीत, चहा आमच्याकडे घेत. एकदा त्यांनी आईला सरळच विचारले, “वहिनी, तुमच्यात पुनर्जन्म नाही. मग मेल्यावर हे जे सार्वकालिक जीवन म्हणता, ते सुरू कधी होतं?”

आई म्हणाली, “ते कुठं मेल्यावर सुरू व्हायचंय? सुरूच आहे की. मरण आलं म्हणून बोलणं थोडंच थांबणार आहे?”

वडील चपापले. पण आई चुकली नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानातल्या १७ व्या अध्यायात सार्वकालिक जीवनाची जी व्याख्या आहे, तीत वर्षांची मोजदाद नाही. देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे, एवढीच ती आहे. पुनरुत्थानाची आशा आहेच; पण ज्याच्याबरोबर उठायचे त्याची ओळख आजची हवी.

ही ओळख कागदावर मिळत नाही. आमच्या नात्यात एक गृहस्थ होते; बाप्तिस्म्याचा दाखला त्यांनी विम्याच्या पॉलिसीबरोबर एकाच पेटीत ठेवला होता आणि दोहोंविषयी त्यांची भावनाही एकच होती. हप्ते भरलेले आहेत, आता कंपनीने पाहावे! याच्या उलट पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. एवढी विदुषी, पण १९०७ साली आपल्या साक्षीत त्यांनी हे सरळ लिहून टाकले. पुढे १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली; त्यानंतरही त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. माझ्या आईने रमाबाईंचे भाषांतर वाचले होते की नाही, कोण जाणे. पण केडगावचे नाव निघाले की ती पदर सावरून बसे.

तर अशी ही आई. तिच्या आठवणी एकेक करून निघून गेल्या. आधी कालपरवाच्या, मग माझ्या मुलांची नावे, मग वडील वारले ही गोष्ट. (ती आम्ही पुन्हा पुन्हा सांगत असू आणि प्रत्येक वेळी ती नव्याने रडे, शेवटी आम्ही सांगायचे सोडले.) मग मी. एवढे सगळे मी सोसले. पण एका पहाटे ती अंथरुणावर उठून बसलेली दिसली. मी म्हटले, “आई, प्रार्थना करायची ना?” ती गोंधळून म्हणाली, “कुणाशी बोलायचं?”

मी हादरलो. ओळखणे हेच जर सार्वकालिक जीवन, तर ओळखच पुसली गेल्यावर काय उरले? त्याच योहानाच्या १५ व्या अध्यायात द्राक्षवेलीचा दृष्टान्त आहे. वेलीला धरून न राहणारा फाटा वाळतो, असे त्यात बजावले आहे. आयुष्यभर वाचलेला तो अध्याय मी त्या आठवड्यात पुन्हा वाचू शकलो नाही. पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी १० वा अध्याय काढला. मेंढपाळाच्या हातातून मेंढरू कोणी ओढून नेऊ शकत नाही, अशा अर्थाचे वचन दाखवले. वचन खरे, पण ते त्यांनी इतक्या तत्परतेने काढले की मला वाटले, यांची आई यांना अजून ओळखते.

शास्त्रीबुवा तोवर नव्वदीला टेकले होते. मी त्यांच्याकडे नुसता बसायला गेलो आणि सगळे बोलून गेलो. ते म्हणाले, “अरे, हे भांडण आमच्याकडे जुनं आहे. माकडिणीचं पोर आईला घट्ट धरतं. सुटलं तर पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच धरत नाही, मांजरच त्याला तोंडात धरून नेते. जीव यातला कोणता, यावरून दक्षिणेत रामानुजांच्या अनुयायांत वडकलै आणि तेंकलै असे दोन तट पडले.” आमच्यातही कॅल्विनचे अनुयायी आणि वेस्लीचे अनुयायी नेमके यावरूनच भांडत आले आहेत, हे मी त्यांना सांगितले. ते मिश्कीलपणे हसले. “म्हणजे मांजर तुमच्याकडेही आहे!” मग थोडे थांबून म्हणाले, “वहिनी बोलत कुणाशी, ते त्या विसरल्या. ऐकणारा विसरला असं तुला कोणी सांगितलं?”

त्या संध्याकाळी घरी येताना मला कापडबाजारातली एक दिवाळी आठवली. मी पाच-सहा वर्षांचा असेन. गर्दीत मी आईचे बोट धरायला गेलो, तर तिने बोट सोडवून घेतले आणि माझे मनगट पकडले. “बोट तू सोडशील,” ती म्हणाली, “फुगेवाला दिसला की सोडशील.” फुगेवाला दिसला, मी हिसडे दिले, रडलो, तिला नाही नाही ते बोललो. मनगटावर वळ उठले. घरी मात्र मी तिच्याबरोबरच पोचलो.

मला येथे कोणाला शिकवायचे नाही. आईने सत्तर वर्षे आपणहून बोट धरले होते, हेही मला विसरता येत नाही. ती रोजची पहाट फुकट होती असे मी कोणाला म्हणू देणार नाही. पण धरणारे दोन होते. एकाच्या हातातले बळ गेले, एवढेच झाले.

काकूंच्या दारातल्या पणत्या दाखवायला मी तिला अंगणात नेले होते, तेव्हा ती परक्या माणसाचा हात झिडकारावा तसा माझा हात झिडकारू लागली. पायरी निसरडी होती. मी तिचे मनगट धरले. ती रागावून म्हणाली, “कोणाचे हो तुम्ही?”

“तुझाच,” मी म्हटले.

तिला ते पटले असे काही दिसले नाही. तरी पायरी ती नीट उतरली आणि पणत्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

पुढच्या श्रावणात ती गेली. शेवटी शुद्ध आली, कोणाला नावाने हाक मारली, असे काही घडले नाही. फक्त शेवटच्या आठवड्यात एका पहाटे, स्टोव्ह नाही की काही नाही, ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, “मीठ बघ जरा.” ते वडिलांना, मला, की त्याला, हे मला कळले नाही. नुसती ओठांची सवयही असेल. मी “बघतो” म्हटले आणि स्वयंपाकघरात जाऊन खरोखरच मिठाची बरणी उघडून पाहिली.

कबरीवरच्या दगडासाठी पाथरवटाने मजकूर विचारला. आमच्यात बहुतेक दगडांवर असतो तोच, “प्रभूमध्ये निजली”, मी लिहून दिला.

त्या दिवाळीत काकूंचे ताट आले, नेहमीसारखेच विणलेल्या रुमालाने झाकलेले. घरात कोणी काही केलेले नव्हते. मी डबे उघडून पाहिले आणि ताटात चिमूटभर साखर घातली.